सहा जण, एक म्हातारा लॅपटॉप आणि एज ऑफ एम्पायर्सची सेटिंग्ज

पार्श्वभूमी

आमच्या भावंडांचा रविवारी रात्री नऊला एक अड्डा असतो. सगळे मिळून एज ऑफ एम्पायर्स टू हा गाव वसवून, सैन्य उभारून समोरच्याशी लढायचा कॉम्प्युटर गेम खेळतो, डेफिनिटिव्ह एडिशन म्हणजे नव्याने केलेली आवृत्ती, २०१९ च्या नोव्हेंबरात आलेली ती. मूळ गेम १९९९ चा. आमच्यातले चौघं तो कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन खेळलेत, त्यामुळे गेम म्हटलं की आमच्या डोक्यात ब्लॅक फॉरेस्टचा मॅप, चारही बाजूंनी भिंती आणि कॅफेवाल्याचं "पाच मिनिटं राहिली" हेच येतं. मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा निम्मा घोळ या आठवणींनीच घातला.

माणसं सहा. नावं देत नाही, नात्यानेच बोलतो. मी पुण्यात, खेळ मध्यम. दादा म्हणजे थोरला मावसभाऊ, नाशिकला, हा रोज रँक्ड, म्हणजे अनोळखी लोकांशी क्रमवारीसाठी, खेळतो आणि आमच्यापेक्षा कैक पटींनी पुढे आहे. ताई म्हणजे मामेबहीण, दुबईला, गेम नवीन शिकली, आणि तिचा लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आठ वर्षं जुना. आतेभाऊ न्यू जर्सीला, त्याचा पीसी म्हणजे नुसता रणगाडा. धाकटा भाऊ ठाण्याला, बरा खेळतो पण अर्ध्यात जेवायला उठतो. आणि सांगलीचा भाचा, चौदा वर्षांचा, व्हिडिओ बघून बघून सगळी थिअरी पाठ आणि धीर अजिबात नाही.

आपले रात्रीचे नऊ म्हणजे दुबईत साडेसात आणि जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा. म्हणजे सगळ्यांना जमेल अशी खिडकी जेमतेम दोन तासांची, त्यानंतर कुणाचं जेवण, कुणाची सोमवारची सकाळ, कुणाची बायको दारात उभी.

अडचण

जून महिन्यात सलग चार रविवार एकही गेम संपला नाही. सेव्ह करायचो, पुढच्या रविवारी रिस्टोर करू म्हणायचो, आणि पुढच्या रविवारी कुणालाच जुना गेम नको असायचा, कारण आठवडाभराने आपण कुठे काय बांधलं होतं तेच आठवत नाही. एकदा तर रात्रीचा एक वाजला आणि तरी दोन्ही बाजू भिंतीआड बसून होत्या.

तेव्हाची आमची सेटिंग्ज सांगतो. मॅप ब्लॅक फॉरेस्ट, साइज लार्ज, पॉप लिमिट (म्हणजे प्रत्येकाला जास्तीत जास्त किती माणसं ठेवता येतात ते) २००, आम्ही सहा जण आणि टीम भरायला दोन कॉम्प्युटर (म्हणजे गेम स्वतःच चालवतो ते खेळाडू), स्पीड नॉर्मल, व्हिक्टरी कॉन्क्वेस्ट म्हणजे समोरच्याचं सगळं पाडल्याशिवाय जिंकणं नाही. हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. कॅफेत असंच असायचं.

तक्रारी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या होत्या, ही खरी गंमत. ताई म्हणायची गेम अडकतो. दादा म्हणायचा तुम्ही हल्लाच करत नाही. भाचा म्हणायचा, "मामा, पहिली वीस मिनिटं नुसत्या मेंढ्याच शोधायच्या का?" धाकटा म्हणायचा कॉम्प्युटरची डिफिकल्टी कमी करा. जर्सीवाला काही म्हणायचा नाही कारण सगळे त्यालाच म्हणायचे की तुझं नेट अमेरिकेतून येतंय म्हणून लॅग आहे.

पहिला अंदाज आणि तो का चुकला

आम्ही तीन आठवडे नेटच्या मागे लागलो. लॉबीत, म्हणजे गेम सुरू होण्याआधी सगळे जमतात त्या स्क्रीनवर, सर्व्हर बदलून बघितला, ताईने राउटरपासून खोलीपर्यंत केबल ओढली, जर्सीवाल्याने आपल्या पीसीला वायफायऐवजी वायर लावली. फरक शून्य. मग डिफिकल्टीवर वाद, कॉम्प्युटर हार्डवरून मॉडरेटवर आणला, त्याने कॉम्प्युटर आधी मरायला लागला एवढंच, गेम तरी संपेना.

मग एका रविवारी मी एक साधी गोष्ट केली, मोबाइलमध्ये वेळा टिपल्या. गेमच्या घड्याळात किती वाजले आणि भिंतीवरच्या घड्याळात किती. नॉर्मल स्पीड म्हणजे खऱ्या वेळेच्या १.७ पट, याचा अर्थ गेममधली वीस मिनिटं खऱ्या बारा मिनिटांत व्हायला पाहिजेत. पहिली वीस मिनिटं बरोबर बारात झाली. पुढची वीस सतरा मिनिटांत. त्यापुढची वीस बत्तीस मिनिटांत. शेवटची दहा चोवीस मिनिटांत. म्हणजे गेमचं घड्याळ सत्तर मिनिटं आणि आम्ही बसलो होतो पंच्याऐंशी मिनिटं, खरं तर एक्केचाळीस-बेचाळीसच लागायला हवी होती. गेम जितका पुढे जाईल तितका मंद. नेट खराब असतं तर सुरुवातीपासून कधीही धक्के बसले असते, असं ठरवून हळूहळू मंद कशाला झालं असतं?

इथे गेमची आतली रचना समजून घ्यावी लागते, ती मला दादानेच समजावली. या गेममध्ये नेटवरून सैनिकांची जागा, तब्येत वगैरे काही जात नाही. फक्त हुकूम जातात, म्हणजे अमक्याने अमके दहा धनुर्धर तिकडे पाठवले एवढंच. प्रत्येकाचा कॉम्प्युटर आपापल्या घरी अख्खा गेम, सहाही जणांचं सैन्य, सगळी झाडं, सगळे बाण, स्वतः मोजतो, आणि सगळ्यांचा हिशोब तंतोतंत जुळावा लागतो. नव्वदच्या दशकात हे २८.८ च्या मोडेमवर आठ जणांना खेळता यावं म्हणून असं बनवलं होतं, आणि डोकं लावूनच बनवलं होतं. पण याची दुसरी बाजू अशी की एकाचा कॉम्प्युटर मागे पडला की बाकीचे पाच त्याच्यासाठी थांबतात. पंगतीत एकाचं ताट रिकामं होईपर्यंत कुणी उठायचं नाही, तसं.

खात्री कशी केली? ताईला सांगितलं की मल्टिप्लेअर सोड, एकटीच खेळ, सात कॉम्प्युटरविरुद्ध, लार्ज मॅप, पॉप २००, आणि चाळीस मिनिटांनंतर घड्याळ बघ. नेटचा संबंधच नाही. चाळीस मिनिटांनंतर तिचा गेम मुंगीच्या चालीने चालायला लागला. झालं. जर्सीवाल्याची रीतसर माफी मागितली, त्याने ती ग्रुपवर पिन करून ठेवली.

पर्याय

आता प्रश्न असा होता की हे माहीत झाल्यावर करायचं काय.

पहिला पर्याय नवा लॅपटॉप. ताई म्हणाली गेमसाठी लॅपटॉप घेतला तर घरात मीच एक प्रकरण होईन. विषय संपला.

दुसरा पर्याय दादाने काढला आणि मला तो अजून टोचतो, ताईला प्रेक्षक म्हणून बसवायचं. दादाचा हेतू वाईट नव्हता, पण जिच्यामुळे अड्डा सुरू झाला तिलाच बाकावर बसवायचं हे कुणालाच पटलं नाही. शिवाय प्रेक्षकाच्या लॅपटॉपलाही तोच हिशोब करावा लागतो, तेव्हा त्याने नक्की काय साधलं असतं कोण जाणे.

तिसरा पर्याय तिच्या लॅपटॉपवरचे ग्राफिक्स कमी करणं. हे लगेच केलं, जादाचं हाय रिझोल्यूशन पॅक काढून टाकलं, रिझोल्यूशन उतरवलं, सावल्या बंद केल्या. स्क्रीन गुळगुळीत झाली पण शेवटी शेवटी मंद होणं तसंच. कारण चित्र काढणं हे एक काम आणि बाराशे सैनिकांनी कुठून कसं चालायचं याचा हिशोब हे दुसरं, आणि अडचण दुसऱ्याची होती. पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि म्हणतात सेटिंग लो केली तरी लॅग आहे. ग्राफिक्सची सेटिंग्ज आणि गेमची सेटिंग्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथा पर्याय, गेमच हलका करायचा. सैन्य कमी, मॅप लहान, वेळ कमी. हाच उरला, पण यातही कुठला स्क्रू किती फिरवायचा यावर खरा वाद झाला.

निर्णय पहिला: मॅप आणि आकडे

दोन कॉम्प्युटर खेळाडू काढले, तीन विरुद्ध तीन. यात कुणाचाच विरोध नव्हता, फक्त धाकट्याला बोलणी बसली की आता जेवायला उठलास तर तुझी जागा भरायला कुणी नाही.

मॅप साइज लार्ज म्हणजे २२० बाय २२० चौकोन. सहा जणांसाठी गेम स्वतः सुचवतो तो नॉर्मल, २०० बाय २००. आम्ही त्याहून लहान मीडियम घेतला, १६८ बाय १६८, हा खरं तर चार जणांचा. क्षेत्रफळ काढलंत तर नॉर्मलपेक्षा तीस टक्के कमी. गर्दी होते, पण गर्दीमुळेच माणसं एकमेकांना भिडतात, हे फायद्याचं निघालं.

ब्लॅक फॉरेस्ट सोडायला मात्र सगळ्यांच्या जिवावर आलं. त्या मॅपवर जंगलं दाट, मध्ये चिंचोळे रस्ते, ते बंद केले की निवांत. कॅफेत तासाचे पैसे वसूल करायला तो मॅप बरोबर होता. दोन तासांच्या खिडकीत तो मारक आहे, कारण तिथे कुणी कुणाकडे पोचेपर्यंत प्रत्येकाचं पॉप्युलेशन भरलेलं असतं, म्हणजे ताईचा लॅपटॉप बसणारच. दादाला अरेबिया हवा होता, उघडं माळरान, पहिल्या दहा मिनिटांत मारामारी. त्यावर ताई आणि भाचा पंधरा मिनिटांत संपले असते आणि उरलेला वेळ आमचं बघत बसले असते. मधला मार्ग म्हणून अरिना घेतला, जिथे सुरुवातीलाच प्रत्येकाभोवती दगडी भिंत असते, म्हणजे नवख्याला उभं राहायला वेळ मिळतो पण झाडं तोडत रस्ता काढत बसावं लागत नाही.

पॉप लिमिट शंभर केलं. सहा गुणिले दोनशे म्हणजे बाराशे, सहा गुणिले शंभर म्हणजे सहाशे, हिशोब निम्मा. कागदावर फार छान दिसलं.

निर्णय दुसरा: सुरुवात कुठून

भाच्याचा आग्रह एम्पायर वॉर्स मोडचा. त्यात गेम फ्यूडल एजपासून, म्हणजे दुसऱ्या युगापासून, सुरू होतो, गाव अर्धं बांधलेलं, व्हिलेजर म्हणजे गावातले कामकरी कामाला लागलेले. मेंढ्या नाहीत, डुक्कर ओढून आणणं नाही, थेट कारभार. वेळ वाचतोय म्हणून आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईपण हो म्हणाली.

पहिला रविवार असा खेळलो, गेम पन्नास मिनिटांत संपला, लॅग नाही, आम्ही खूश. आणि ताई गप्प. मी दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा म्हणाली, "अरे, सुरू झाल्या झाल्या एवढे लोक एकदम माझ्यासमोर, कोण काय करतंय तेच कळेना. मला ते एक घर, तीन माणसं, मग मेंढी सापडली, मग चौथा माणूस, असं करत करत गाव मोठं होताना बघायलाच आवडतं रे." हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्हाला जो भाग कंटाळवाणा वाटत होता तोच तिचा खेळ होता, आणि तेवढ्यातच तिला सगळं हाताळता यायचं. आम्ही वेळ वाचवायला नेमका तोच कापला.

म्हणून दुसऱ्या आठवड्यात परत डार्क एज, म्हणजे पहिलं युग, तीन व्हिलेजर आणि एक घोडेस्वार. भाचा कुरकुरला, पण त्याला सांगितलं की टाउन सेंटर, म्हणजे व्हिलेजर तयार होतात ती मुख्य इमारत, एक सेकंदही रिकामं ठेवायचं नाही अशी पैज लाव स्वतःशी, पंचवीस सेकंदाला एक व्हिलेजर. ते त्याला पटलं.

निर्णय तिसरा: ट्रीटी, आणि ही आमची चूक

नवख्यांना संरक्षण हवं म्हणून दुसऱ्या आठवड्यात मी वीस मिनिटांची ट्रीटी टाकली, म्हणजे तोवर कुणी कुणावर हल्ला करायचा नाही. हा निर्णय माझा, त्यामुळे शिव्याही मलाच.

झालं काय, अरिनावर आधीच भिंती, त्यात वीस मिनिटं शांतता, म्हणजे प्रत्येकाने दगड गोळा केला. कॅसलला साडेसहाशे दगड लागतात. ट्रीटी संपली तेव्हा दोन्ही बाजूंनी कॅसलच्या रांगा. आणि पॉप शंभर, त्यातले साठ शेतावर आणि खाणीत, म्हणजे लढायला उरले चाळीस. चाळीस माणसांनी तीन कॅसल पाडायचे कसे? पोरं जायची, मरायची, परत यायची. लॅग अजिबात नव्हता हो, घड्याळाप्रमाणे गेम चालला, पण पुन्हा एकदा न संपता.

तेव्हा कळलं की पॉप लिमिट हा नुसता लॅपटॉपचा आकडा नाही. तो कमी केला की बचाव करणाऱ्याचं फावतं, कारण कॅसल आणि भिंती पॉप्युलेशन खात नाहीत, सैनिक खातात. अजून एक परिणाम झाला तो दादाने आमच्या आधी हेरला. खेळायला निवडता येणाऱ्या सिव्हिलायझेशनपैकी गॉथ लोकांना इम्पीरियल एजमध्ये, म्हणजे शेवटच्या युगात, लिमिटपेक्षा दहा माणसं जास्त मिळतात. दोनशेवर दहा म्हणजे पाच टक्के, शंभरावर दहा म्हणजे सरळ दहा टक्के, आणि हे दहाही लढणारेच. दादा दोन्ही आठवडे गॉथ घेऊन बसला होता आणि आम्ही म्हणत होतो दादा काय खेळतो बुवा! तसंच एका माणसाच्या जागेत जास्तीत जास्त ताकद मावते असे जड सैनिक, हत्ती वगैरे, लहान लिमिटला आपोआप महाग मोलाचे होतात. एक सेटिंग हलवली की दुसऱ्या चार गोष्टी हलतात, आणि त्या आधी दिसत नाहीत.

निर्णय चौथा: हँडिकॅप कसा द्यायचा

लॉबीत खेळाडूगणिक हँडिकॅप देता येतो, म्हणजे ज्याला द्याल त्याला टक्क्यांत फायदा. ताईला द्यायचा हे उघड होतं. तिने सरळ नाही म्हटलं, मला काय लहान मूल समजता का. दादा म्हणाला गुपचूप देऊ, पण ते लॉबीत सगळ्यांना दिसतं, आणि दिसलं नसतं तरी बहिणीला फसवून खेळायचं हे बरं नाही.

शेवटी मार्ग सापडला तो असा की मीही घेतला. ताईला वीस टक्के, मला दहा, भाच्याने मिळत असून नाकारला कारण शाळेत कळलं तर. दोघांनी घेतल्यावर तो हँडिकॅप न राहता आमच्या खेळाचा एक नियम झाला, आणि ताईने पुढे त्यावर एक शब्द काढला नाही. उलट एकदा मी हरलो तर म्हणाली, तुझे टक्के वाढव.

टीम कायमच्या केल्या, दादा, ताई आणि भाचा एका बाजूला, मी, जर्सीवाला आणि धाकटा दुसऱ्या बाजूला. दादाला नवख्यांसोबत टाकल्याने त्याचं निम्मं लक्ष त्यांना धान्य पाठवण्यात जातं, हा सगळ्यात चांगला हँडिकॅप निघाला, आणि त्यासाठी लॉबीत कुठलंच बटण नाही.

काय ठरलं आणि कसं चाललं

तिसऱ्या आठवड्यापासून जे पक्कं झालं ते असं. अरिना, मीडियम, डार्क एजपासून, साधन-सामग्री स्टँडर्ड, पॉप लिमिट १२५, ट्रीटी नाही, स्पीड नॉर्मल आणि लॉक केलेला, टीम लॉक, सिव्हिलायझेशन सगळ्यांचं रँडम, आणि व्हिक्टरी कॉन्क्वेस्टऐवजी स्टँडर्ड.

१२५ कुठून आलं? ताईने एकटीने तीन वेळा चाचणी केली, १००, १२५ आणि १५०. दीडशेला शेवटी थोडं जड वाटलं, सव्वाशेला नाही. सत्तर व्हिलेजर धरले तरी पंचावन्न सैनिक उरतात, तेवढ्यात दोन मोठी वेढायंत्रं आणि त्यांना राखायला माणसं बसतात. एवढ्याशा पंचवीसच्या फरकाने कोंडी फुटली.

पण खरा फरक स्टँडर्ड व्हिक्टरीने पडला असं माझं मत आहे, दादाचं नाही. स्टँडर्डमध्ये वंडर म्हणजे एक भव्य वास्तू बांधून किंवा मॅपवरचे सगळे रेलिक, म्हणजे पवित्र अवशेष, गोळा करूनही जिंकता येतं. वंडरला लाकूड, सोनं, दगड प्रत्येकी हजार लागतं, आणि बांधल्यावर ते गेममधली दोनशे वर्षं टिकवायचं. ऐकायला प्रचंड वाटतं पण नॉर्मल स्पीडला ती खरी दहाएक मिनिटंच होतात. म्हणजे एकाने वंडर बांधलं की सगळ्यांच्या स्क्रीनवर उलटी मोजणी सुरू, आता भिंतीआड बसून चालत नाही, निघावंच लागतं. टाइम लिमिट लावायचा पर्यायही होता, वेळ संपली की ज्याचा स्कोअर जास्त तो जिंकला, पण त्यात माणसं शेवटची पंधरा मिनिटं स्कोअर जपत बसतात आणि खेळ मरतो. वंडरने उलट होतं, शेवटचीच दहा मिनिटं सगळ्यात पेटतात.

पहिलं वंडर कुणी बांधलं असेल? ताईने. दादा पुढे लढतोय, भाचा कुठेतरी मरून परत उभा राहतोय, आणि ताई मागे शांतपणे दगड साठवत होती. आम्हाला तुतारी ऐकू आली तेव्हा धाकटा जेवायला उठलेला. साडेनऊ मिनिटं आम्ही भिंतीवर डोकं आपटलं, जर्सीवाल्याचा शेवटचा ट्रेबुशे, म्हणजे दगड फेकणारं वेढायंत्र, वंडरपासून हातभर अंतरावर पडला. ताईने चॅटमध्ये नुसतं ११ टाकलं. न खेळणाऱ्यांसाठी सांगतो, या गेममध्ये चॅटला आकडा टाकला की आवाज येतो, ११ म्हणजे खो खो हसणं, १ म्हणजे हो, २ म्हणजे नाही, १४ म्हणजे चला सुरू करा आता.

रँडम सिव्हिलायझेशनने गॉथचा प्रश्न मिटला, पण भाच्याचा नवा प्रश्न उभा राहिला. त्याला नेहमी द्रविडियन हवे असतात, २०२२ च्या डायनेस्टीज ऑफ इंडिया या जोड-पॅकमध्ये राजेंद्र चोळाची मोहीम खेळल्यापासून. मी म्हटलं अरे अरिनावर समुद्रच नाही, तुझ्या लोकांची मोठी ताकद आरमारात, घोडदळ कमकुवत, मग इथे कशाला? त्यावर त्याचं उत्तर, "मामा, मग मराठे का नाहीत?" हा गेम मध्ययुगातला आहे, साधारण सोळाव्या शतकापाशी थांबतो, महाराज त्यानंतरचे, हे समजावून सांगितलं. पटलं नाही.

निकाल

त्यानंतरच्या दहा रविवारांत आठ गेम पूर्ण झाले. सगळ्यात छोटा चाळीस मिनिटांचा, सगळ्यात मोठा पावणेदोन तासांचा. घड्याळाची तुलना मी करत राहिलो, शेवटच्या वीस मिनिटांनासुद्धा तेरा-चौदाच लागतात, ते चालतं. न झालेल्या दोनपैकी एक भाच्याच्या चाचणी परीक्षेमुळे, दुसरा दिवाळीत.

सगळं गोड झालं असं नाही. आठपैकी पाच दादाची टीम जिंकली. दादाच्या मते हा आता एज ऑफ एम्पायर्स नसून भेळ आहे, आणि तो खरा गेम आठवडाभर रँक्डमध्ये खेळून घेतो. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं मागे गेली आणि जर्सीवाल्याचे साडेअकराचे साडेदहा झाले, त्याच वेळी त्याच्या मुलीचा पोहण्याचा क्लास, त्यामुळे हिवाळ्यात आम्ही रात्री दहाला सुरू करतो आणि धाकटा आता जेवूनच येतो. लॉबीतल्या कुठल्याच सेटिंगने हे झालं नसतं.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी घड्याळ. वेळ टिपायची अक्कल चौथ्या आठवड्यात सुचली, ती पहिल्याच रविवारी सुचती तर ताईची केबल, जर्सीवाल्याचा अपमान आणि डिफिकल्टीवरची भांडणं वाचली असती. सुरुवातीपासून सारखा मंद असेल तर एक कारण, हळूहळू मंद होत जात असेल तर दुसरं, आणि मधेच धक्के देऊन परत नीट होत असेल तर तिसरं, हे तीन वेगळे आजार आहेत आणि आम्ही तिन्हींना लॅग हे एकच नाव देऊन एकच गोळी देत होतो.

दुसरं, पहिल्या रविवारी आम्ही मॅप, साइज, लिमिट, मोड आणि कॉम्प्युटरची संख्या असं सगळं एकदम बदललं. गेम संपला म्हणून सगळेच बदल बरोबर असं धरून चाललो. त्यात एम्पायर वॉर्स चुकलेलं होतं आणि पॉप शंभर फार कमी होतं, हे एकाच्या आड एक लपलं. एका वेळी एकच बदलला असता तर जास्त आठवडे लागले असते हे मान्य, पण ट्रीटीची चूक तरी लगेच पकडता आली असती.

तिसरं, ताईला आम्ही काय हवंय असं न विचारता चालेल का असं विचारलं. चालेल का विचारलं की ती चालेल म्हणते, तिचा स्वभावच तो. फोनवर एकटीशी बोललो तेव्हा मेंढ्यांचं कळलं.

डिफिकल्टीबद्दल मात्र मला काही वेगळं करायचं नाही, कारण ती मुळात गैरलागू होती. या एडिशनमधला कॉम्प्युटर सगळ्यात वरच्या लेव्हललाही फुकटचं सोनं-धान्य घेत नाही, नुसता चांगला खेळतो, म्हणजे एकट्याने सरावाला उत्तम, पण आमचा प्रश्न तो नव्हताच.

आणि पंचाईत अशी झालीय की ताईने गेल्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला, ऑफर होती म्हणे. बातमी कळल्यावर दोन मिनिटांत दादाचा मेसेज, आता पॉप दोनशे आणि ब्लॅक फॉरेस्ट? ताईने उत्तर दिलं, २. भाच्याने लगेच १४. मी अजून काही बोललेलो नाही, कारण काल रात्री तीच एकट्याची चाचणी मी माझ्या लॅपटॉपवर करून बघितली, लार्ज, दोनशे, सात कॉम्प्युटर, आणि पन्नासाव्या मिनिटाला माझा गेम मुंगीच्या चालीने चालायला लागला.